शाळा घरात भरते तेव्हा दिवसाची घडी कशी बसवावी

मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ती लवकर लागलेली सुट्टी आहे, असेच बहुतेक घरांनी धरून चालले. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना पुढच्या वर्गात गेली आणि बघता बघता शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागली. आता जुलै २०२१ उजाडला आहे. १५ जूनला सुरू झालेले नवे वर्षही ऑनलाइनच आहे आणि यंदा दुसरीत बसलेल्या मुलाने पहिलीचा वर्ग आतून पाहिलेलाच नाही. गेल्या वर्षी ज्या गोष्टी ‘तात्पुरत्या’ म्हणून चालवून घेतल्या, त्या या वर्षी नीट विचार करून बसवाव्या लागतील.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीला शिकवते. डोंबिवलीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात सासूबाई, पती, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा अशी पाच माणसे आहेत. पतींची नोकरी अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे ते सकाळी बाहेर पडतात आणि त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. उरलेल्या दोन मोबाइलवर माझा वर्ग आणि दोन्ही मुलांची शाळा चालते. म्हणजे सकाळभर मी पडद्याच्या एका बाजूला शिक्षिका असते आणि पलीकडच्या खोलीत माझीच मुले दुसऱ्या बाजूला विद्यार्थी असतात. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. घरात शाळा जरूर भरावी, पण तिला वेळेची आणि जागेची शीव असावी. ती शीव नसली की मुलाला ना शाळा मिळते, ना घर. पुढच्या सर्व सूचना याच मतातून आल्या आहेत.

आधी किती शाळा, ते ठरवा

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी जास्तीत जास्त चार सत्रे सुचवली आहेत. आपल्या मुलाचे तास याहून बरेच अधिक होत असतील, तर वर्गशिक्षकांशी सौम्यपणे बोलायला हरकत नाही. तास याहून कमी होत असतील, तर घाबरून जाऊन उरलेला दिवस शिकवण्यांनी भरू नका. चाळीस मिनिटांच्या ऑनलाइन तासात हजेरी, आवाज येतो की नाही याची चौकशी आणि एखाद्याचे तुटलेले नेट एवढ्यातच दहा मिनिटे जातात. उरलेल्या वेळात एक संकल्पना नीट पोहोचली तरी तो तास चांगला झाला, असे मी शिक्षिका म्हणून सांगते. खरा अभ्यास त्यानंतर पुस्तक आणि वही घेऊन होतो. त्यासाठी प्राथमिकच्या मुलाला सलग बसून एक तास आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला दोन तास पुरतात, असा माझा अनुभव आहे.

मोबाइलचे वेळापत्रक

रविवारी संध्याकाळी एक फुलस्केप कागद घ्या आणि त्यावर आठवड्याचे वार व सकाळी सात ते दुपारी दोन असे तास आखा. कोणाचा तास केव्हा आहे, त्या वेळी कोणता मोबाइल रिकामा आहे आणि मोठ्यांपैकी कोणाची मीटिंग आहे, हे तिन्ही एकाच कागदावर लिहा आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. सकाळी पावणेआठला ‘आज माझी टेस्ट आहे’ आणि ‘माझाही तास आहे’ असा वाद होतो, तो बहुधा हा कागद नसल्यामुळे होतो.

दोन तास एकाच वेळी आले तर मोबाइल कोणाला द्यावा, याचा नियम आधीच ठरलेला असावा. ज्या तासात शिक्षक प्रश्न विचारून शिकवतात, म्हणजे गणित, इंग्रजी, व्याकरण, त्या तासाला प्रत्यक्ष हजर राहावे. ज्याचे ध्वनिमुद्रण किंवा टिपणे गटावर येतात, तो तास नंतर पाहता येतो. हा नियम विषयाचा आहे, मुलाचा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण भाऊ-बहिणीचे तास एकत्र आले की बहिणीने उठायचे, असे मी माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत पाहिले आहे. हजेरीत एखादी हुशार मुलगी आठवड्यातून तीनदा दिसेनाशी झाली आणि चौकशी केल्यावर कारण हेच निघाले, की फार वाईट वाटते. आपल्या घरात हे नकळत होत नाही ना, हे दारावरच्या त्याच कागदावर महिन्यातून एकदा तपासा.

रोज दीड जीबी डेटा देणारे पॅक घेतले असेल, तर दोन मुलांच्या तासांना तो अनेकदा पुरत नाही. शिक्षकांनी सांगितले नसेल तेव्हा कॅमेरा बंद ठेवल्याने बराच डेटा वाचतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. ती आणि गटावर आलेले व्हिडिओ रात्री, दिवसाचा उरलेला डेटा संपण्याआधी उतरवून ठेवावेत. मोबाइल झोपण्यापूर्वी पूर्ण चार्ज झालेला असावा. आपल्या भागात दुरुस्तीसाठी ज्या वारी वीज जाते, त्या वारी तर हे विसरूच नये.

घरात एकच मोबाइल असेल आणि तो कामावर जात असेल, तर ही गोष्ट शिक्षकांपासून लपवू नका. संकोचाने पालक सांगत नाहीत आणि आम्ही समजतो की मुलाला रस नाही. एकदा सांगितले की गृहपाठ संध्याकाळी साध्या संदेशाने पाठवता येतो, शेजारच्या वर्गमित्राची वही पाहता येते, फोनवर दहा मिनिटे बोलूनही एखादे उदाहरण समजावता येते. गेल्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. तिला डेटा लागत नव्हता आणि माझ्या वर्गातली काही मुले त्या काळात तिच्याच आधाराने अभ्यासात टिकून राहिली. दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम जेव्हा जेव्हा असतील, तेव्हा त्यांची वेळ आपल्या कागदावर लिहून ठेवावी.

जागा आणि सकाळ

वेगळी खोली नसली तरी एक ठरलेला कोपरा असू शकतो. मुलाची पाठ भिंतीला असावी, म्हणजे मागून कोणी ये-जा करताना पडद्यावर दिसत नाही. उजेड समोरून किंवा बाजूने यावा. मोबाइल मांडीवर नसावा; चौरंगावर दोन डबे ठेवून त्यांना तो टेकवला की डोळ्यांच्या पातळीला येतो आणि मान झुकत नाही. पलंग मात्र या कामासाठी वापरू नये. लोळत ऐकलेला तास मुलाच्या कानावरून जातो आणि रात्री त्याच पलंगावर झोप लवकर येत नाही.

तास सुरू होण्यापूर्वी कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर उरकावेत. गणवेशाचा आग्रह मी धरत नाही, पण अंघोळ, वेणीफणी आणि न्याहारी तासाच्या आधी झालीच पाहिजे. तोंड न धुता उठून बसलेले मूल पडद्यावर लगेच ओळखू येते आणि त्या मुलाला पहिला अर्धा तास काहीही समजत नाही. झोपेचे गणित बिघडलेल्या घरांनी झोपण्याच्या वेळेऐवजी आधी उठण्याची वेळ पक्की करावी. सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी, फार तर अर्धा तास उशिरा उठवले, की आठवड्याभरात रात्रीची जाग्रणे आपोआप कमी होतात.

एक युक्ती आमच्या घरी फार उपयोगी पडली. सकाळी पोळ्या करतानाच दोन्ही मुलांचे शाळेचे डबे भरून ठेवायचे, अगदी शाळेत जाताना भरत होतो तसे. पोळी-भाजी, थालीपीठ, उपमा, जोडीला शेंगदाण्याची चिक्की. साडेदहाला मधली सुट्टी होते, मुले डबा घेऊन खिडकीत बसतात आणि खातात. त्यापूर्वी ‘आई, काहीतरी खायला दे’ हे ऐकू येत नाही आणि माझा वर्गही मोडत नाही. डबा कोणी धुवायचा, हेही ठरलेले आहे.

मुलाजवळ किती वेळ बसावे

गेल्या ऑगस्टमध्ये मी वर्गात साताचा पाढा विचारत होते. एका मुलाची पाळी आली, तो गप्प झाला आणि मागून कुजबूज आली, ‘सांग ना, सात चोक अठ्ठावीस.’ मुलाने अठ्ठावीस सांगितले. मी ‘छान’ म्हटले, कारण दुसरे काय म्हणावे हे सुचले नाही. त्यानंतर तो मुलगा कोणत्याही प्रश्नाला आधी उजवीकडे पाहू लागला आणि मग उत्तर देऊ लागला. आठवड्याभराने माझ्या मुलाच्या तासाला मी सहज डोकावले, तर तोही शिक्षिकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहत होता. ती सवय मीच लावली होती.

म्हणून आता आमच्याकडे नियम असा आहे: पहिली-दुसरीच्या मुलाजवळ सुरुवातीची दहा मिनिटे बसावे, जोडणी, आवाज, पुस्तकाचे पान एवढे पाहावे आणि उठून जावे. उत्तर चुकले तर चुकू द्यावे. मूल कुठे अडते, हे शिक्षकाला त्या चुकीवरूनच कळते. आपण पुरवलेले बरोबर उत्तर ही खूण पुसून टाकते. तिसरीच्या पुढच्या मुलाला तासात आपली गरज नाही. त्याला तासानंतर गरज असते, ‘आज काय झाले ते मला शिकव’ असे म्हणून पाच मिनिटे ऐकणारे कोणीतरी हवे असते. हे काम आजी-आजोबा सर्वांत उत्तम करतात, कारण त्यांना घाई नसते.

वाचन, लेखन आणि गेलेले वर्ष

या वर्षभरात सर्वांत जास्त नुकसान कशाचे झाले, असे विचाराल तर मी हाताने लिहिणे आणि मोठ्याने वाचणे या दोन गोष्टींचे नाव घेईन. पाचवीतली मुले जोडाक्षरापाशी अडखळतात, पाच ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतात. राज्यात १ जुलैपासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला आहे आणि तो मागच्या इयत्तेचाच आहे. ‘हे तर झालेले आहे’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. शक्य असेल तर कृतिपत्रिकांच्या छापील प्रती घ्या, नाहीतर वहीत उतरवून सोडवून घ्या. पडद्यावर पाहून तोंडी सोडवलेली कृतिपत्रिका सोडवल्यासारखी होत नाही.

घरी रोज करण्यासारखे थोडेच आहे, पण ते चुकवू नये. लहान मुलाने पाठ्यपुस्तकातल्या दहा ओळी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. आमच्याकडे सासूबाई ऐकतात. त्यांचा चष्मा जुना झाल्यामुळे त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, म्हणून मुलगा आता त्यांना मथळेही वाचून दाखवतो आणि ‘मुख्यमंत्री’, ‘लसीकरण’ हे शब्द त्याला पुस्तकाआधी तिथे आले. पाच ओळी अनुलेखन करावे. श्रुतलेखनासाठी वेगळा धडा लागत नाही, वाण्याची यादी सांगावी आणि त्याने लिहावी: तूरडाळ एक किलो, शेंगदाणे अर्धा किलो, मोहरी शंभर ग्रॅम. सामान आले की त्याच यादीसमोर किमती लिहून बेरीज करावी आणि बिलाशी ताडून पाहावी. दुसरीच्या मुलाला पाचशेच्या नोटेतून किती परत यायचे, हे एकदा नीट काढता आले, की हातच्याच्या वजाबाकीची त्याला भीती राहत नाही. पाढे पोळ्या लाटताना म्हणवून घ्यावेत.

गृहपाठाची छायाचित्रे दिवसातून एकदाच, उजेडात, पानावर नाव आणि तारीख लिहून पाठवावीत. गटावर दुसऱ्या मुलाची वही पाहून आपल्या मुलाला बोलू नये. त्या वहीमागे किती माणसांचा हात आहे, हे आपल्याला माहीत नसते. शिक्षकांना विचारताना ‘प्रगती कशी आहे’ असे विचारले तर आम्हीही ‘ठीक आहे’ एवढेच सांगू शकतो. ‘भागाकारात बाकी काढताना अडतो, कुठून सुरू करू’ असे विचारले, तर उपयोगी उत्तर देता येते. आणि रात्री नऊनंतर संदेश पाठवू नये ही विनंती, कारण तेव्हा आमच्याही घरात जेवणे चाललेली असतात.

डोळे, पाठ, खेळ

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहायचे. आम्ही समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ठरवली आहे. दोन तासांच्या मध्ये उठून पाणी पिणे, जिन्याने एकदा वर-खाली करणे एवढे तरी व्हावे. संध्याकाळी गच्चीवर, मास्क लावून आणि अंतर ठेवून, अर्धा तास पळणे किंवा दोरीवरच्या उड्या यांना पर्याय नाही. पाऊस असेल तर पत्ते, कॅरम, सागरगोटे आहेतच.

कठीण प्रश्न वेगळाच आहे. शाळा आणि खेळ दोन्ही एकाच मोबाइलमध्ये असल्यामुळे मुलाच्या हातून तो सुटत नाही. यावर ओरडण्याचा उपयोग होत नाही, हे मी वर्षभर ओरडून पाहिले आहे. उपयोग झाला तो मोबाइलला जागा दिल्याचा. तास संपला की तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जातो, आणि जेवताना मोठ्यांचेही मोबाइल तिथेच जातात. मोठ्यांनी हे पाळले नाही, तर हा नियम तीन दिवसांतच मोडतो. खेळण्यासाठी घड्याळ लावून ठरावीक वेळ द्यावा आणि तो कबूल केल्याप्रमाणे खरोखर द्यावा, अभ्यासाच्या बदल्यात कापू नये. मैत्रिणीशी वीस मिनिटे बोलणे मात्र मी खेळाच्या वेळेत धरत नाही. सातवीच्या मुलीला मैत्रिणींशिवाय वर्ष काढावे लागले आहे. त्या बोलण्यात अभ्यास नसला तरी ते तिच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे, आणि ते कान देऊन ऐकूही नये.

घरात आजारपण आले तर

दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, माझे पती बाधित झाले आणि घरीच विलगीकरणात राहिले. एक खोली त्यांची, दुसऱ्या खोलीत आम्ही चौघे. पहिल्या दिवशी मुलांना मी ‘बाबांना साधा ताप आहे’ असे सांगितले. मुलीने मी फोनवर बोललेले ऐकले आणि दोन दिवस ती जेवली नाही. तिला वाटले, मी लपवते आहे म्हणजे काहीतरी भयंकर आहे. मुलांना सोप्या शब्दांत खरे सांगावे, हे मी तेव्हा शिकले: काय झाले आहे, डॉक्टर काय म्हणाले, आज बाबा कसे आहेत, आणि आपण काय करायचे आहे.

मुलाला करण्यासारखे काम द्यावे. पती आतून ताप आणि ऑक्सिजनचा आकडा सांगत आणि मुलगा दाराबाहेरच्या कागदावर वेळेसह तो लिहीत असे. आकडा ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवायचे, हे त्या कागदाच्या वरच लिहिलेले होते, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही ते दिसावे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये आणि त्याहून मोठ्या लहान मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, असे आरोग्य विभागाच्या २०२१ च्या सूचनांत सांगितले होते.

घर निरोगी आहे तोवरच एक कागद तयार ठेवा. डॉक्टरांचा क्रमांक, महानगरपालिकेच्या मदत केंद्राचा क्रमांक, डबा देऊ शकणारे दोन शेजारी, आणि दोन्ही पालक एकाच वेळी आजारी पडले तर मुलांना कोण सांभाळेल, त्यांचे नाव. हे शेवटचे नाव त्या माणसाला आधी विचारून लिहावे. शाळेला ‘घरी आजारपण आहे, दोन आठवडे तासांना अडचण येईल’ एवढा एका ओळीचा संदेश पुरतो. माझ्या माहितीत असा संदेश मिळाल्यावर कोणत्याही शिक्षकाने गृहपाठ मागितलेला नाही. घरात मृत्यू झाला असेल, तर तेही शिक्षकांना कळवावे, म्हणजे ‘माझे कुटुंब’ या विषयावर निबंध देण्यापूर्वी आम्ही थांबू. या काळात कितीतरी मुलांना आजोबांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. त्यांना ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगू नये. फोटो समोर ठेवून त्यांच्याबद्दल बोलू द्यावे, रडू द्यावे, आणि त्या दिवशी अभ्यास ठेवू नये.

शाळा उघडेल तेव्हासाठी

तारीख कोणालाच सांगता येत नाही, पण तयारी आज करता येते. दिवसातून एकदा मुलाला पाऊण तास सलग, मोबाइलशिवाय, टेबलाशी किंवा पाटावर बसून लिहिण्याची सवय लावा. वर्गात बसणे सर्वांत आधी मोडले आहे. दप्तर त्याने स्वतः भरावे, डब्याचे झाकण स्वतः उघडावे, बुटांची नाडी स्वतः बांधावी. पहिलीत न गेलेल्या मुलाला शाळेची इमारत बाहेरून तरी दाखवून आणा, म्हणजे ती त्याला अनोळखी वाटणार नाही. आणि एखाद्या रविवारी गणवेश आणि बूट बाहेर काढून मुलांच्या अंगाला लावून पाहा. आमच्या मुलाच्या बुटात त्याचे पाऊल आता अर्धेही जात नाही. ते बूट सोळा महिन्यांत जेमतेम झिजलेले आहेत. पुसून, नव्या नाड्या घालून, मी ते तळमजल्यावरच्या पहिलीतल्या मुलासाठी देऊन आले.